उचकटता येणारी वाट

मुंबईच्या फुटपाथांचा गेल्या काही दशकांचा इतिहास म्हणजे एकाच जागी घातलेल्या येरझारा आहेत. आधी शहाबादी फरशी किंवा नुसता सिमेंटचा कोबा होता. तो फुटला, झाडांच्या मुळांनी उचलला, केबलवाल्यांनी खणला, म्हणून पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉक खचले आणि पावसाळ्यात पाऊल पडताच फटींतून चिखलाच्या पिचकाऱ्या उडू लागल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी ते काढून पुन्हा काँक्रीट ओतले गेले, फक्त या खेपेला वर नक्षीचा साचा दाबून. त्याच काळात सोसायट्यांच्या आवारांत आणि तालुक्याच्या गावांत उलटा प्रकार चालू आहे. तिथे जुना काँक्रीटचा पट्टा ब्रेकर लावून फोडतात आणि लाल-करडे ब्लॉक बसवतात. दोन्हीकडे कारण एकच सांगितले जाते, की आधीचे टिकले नाही. वाद असा मालावरच फिरत राहतो: काँक्रीट चांगले की ब्लॉक चांगला? ब्लॉकचा स्वतःचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न दुय्यम ठरतो. सुट्या तुकड्यांची फरसबंदी जगात जिथे रुजली तिथे ती वारंवार उचलता यावी या गरजेतून रुजली, आणि उचललेली परत नीट बसवणारे हात जिथे कुणाच्या तरी पगारावर किंवा कायद्याने बांधलेले होते तिथेच टिकली. आपण ब्लॉक आणला आणि ते हात मात्र आणले नाहीत, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

सुरुवात हॉलंडपासून करायला हवी, कारण आजच्या काँक्रीट ब्लॉकचे माहेर तेच. त्या देशाचा पश्चिम भाग मऊ चिकणमातीवर आणि पीट नावाच्या कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर वसलेला आहे. ही जमीन सतत दबत राहते. तिच्यावर अखंड, कडक पृष्ठभाग ओतला तर तो तडकणार हे ठरलेले, आणि तडकल्यावर फोडून टाकण्यापलीकडे त्याचे काही करता येत नाही. म्हणून तिथल्या शहरांनी शतकानुशतके भट्टीत कडक भाजलेली वीट वाळूवर उभी रचून रस्ते केले. रस्ता खचला की विटा काढायच्या, वाळूची भर टाकून पातळी उचलायची आणि त्याच विटा पुन्हा बसवायच्या. विटेची एक बाजू झिजली तर ती उलटी करूनही वापरता येई. पुढे पाणी, गॅस, वीज यांच्या वाहिन्या जमिनीखाली आल्या तेव्हा या पद्धतीचा दुसरा फायदा लक्षात आला. दुरुस्तीसाठी रस्ता फोडावा लागत नव्हता, नुसता उघडावा लागत होता. मे 1940 मध्ये जर्मन बॉम्बवर्षावात रॉटरडॅम शहराचा गाभा जळून गेला. युद्धानंतर घरे उभारायलाच वीट पुरेना, मग रस्त्याला कुठून मिळणार? तेव्हा 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विटेच्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे पाडून रस्त्यात बसवायला सुरुवात झाली. म्हणजे पेव्हर ब्लॉक जन्मला तो विटेचा बदली कामगार म्हणून. जमीन, वाळू, बसवण्याची रीत आणि बसवणारा कारागीर हे सगळे आधीपासून जागेवर होते. फक्त भाजलेल्या मातीऐवजी सिमेंट आले. या तपशिलाला मी महत्त्व देतो, कारण पुढे ब्लॉक जगभर गेला तो एकटाच, त्याचे बाकीचे गणगोत मागे सोडून.

हे गणगोत म्हणजे काय ते जवळून पाहू. तळाशी मुरूम किंवा खडीचा थर पाणी मारून रोलरने दाबलेला असतो. फरसबंदीची ताकद मुळात तिथे असते. त्यावर वीस ते चाळीस मिलिमीटर जाडीचा वाळूचा थर, तोही न दाबता, फळीने सपाट ओढून घेतलेला. त्यावर ब्लॉक, एकमेकांना अगदी न चिकटवता दोन ते चार मिलिमीटरची फट राखून. मग कंपन देणारे प्लेट कॉम्पॅक्टर फिरते. ब्लॉक खाली बसतात आणि त्या दाबाने खालची थोडी वाळू फटींत वर चढते. उरलेली फट वरून बारीक, कोरडी वाळू झाडूने लोटून भरायची आणि पुन्हा यंत्र फिरवायचे. एका ब्लॉकवर भार आला की तो या फटीतल्या वाळूच्या घर्षणातून शेजारच्या ब्लॉकांकडे जातो. म्हणजे काम वाळू करते, ब्लॉक तिला जागेवर धरून ठेवतो. आणि हे सगळे कडेच्या पक्क्या बांधाच्या भरवशावर. कर्बस्टोन सुटला की कडेचा ब्लॉक बाहेर सरकतो, त्याच्या मागची फट रुंदावते, वाळू वाहून जाते आणि दोन पावसाळ्यांत आतपर्यंत सगळे ढिले होते. आपल्याकडे सर्रास होणारी चूक याच ठिकाणी दिसते. तळाचा थर उंच-सखल राहिला की तो रोलरने सुधारण्याऐवजी वाळू किंवा कच जास्त टाकून वरून पातळी मिळवली जाते. उद्घाटनाच्या दिवशी डोळ्यांना काहीच खटकत नाही. पण जिथे वाळू जाड तिथे ती जास्त दबते, आणि खाली लपवलेला खड्डा पहिल्याच पावसाळ्यात वर येतो.

जर्मनीत 1960 च्या दशकात ठोकळ्यांच्या कडांना दाते देऊन ते एकमेकांत अडकवण्याची कल्पना पुढे आली, आणि आपल्याकडे ‘झिगझॅग’ म्हणून ओळखला जाणारा आकार त्याच घराण्यातला. ब्रिटनमध्ये सिमेंट अँड काँक्रीट असोसिएशनसाठी जॉन नॅप्टन यांनी 1976 मध्ये ब्लॉकच्या रस्त्यांच्या रचनेची शास्त्रशुद्ध मांडणी केली, तर ऑस्ट्रेलियात ब्रायन शॅकेल यांनी जड चाकांखाली ब्लॉक कसा वागतो याचे प्रयोग केले. 1980 मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसलला या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली, की आकाराच्या नक्षीपेक्षा रचनेची दिशा महत्त्वाची. साधा आयताकृती ठोकळा माशाच्या काट्यासारखा तिरपा-उलटा रचला तर गाडीच्या ब्रेकचा आणि वळणाचा धक्का तो उत्तम पेलतो. सरळ ओळीत रचला तर ओळच्या ओळ सरकते. रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनर यार्डांना ब्लॉक वापरले गेले तेही याच विश्वासावर. भर टाकून केलेली ती जमीन दबणार हे अभियंत्यांना माहीत होते, आणि दबल्यावर काढून पुन्हा बसवता येईल असा पृष्ठभाग त्यांना हवा होता. आपल्या न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर यार्डातही ब्लॉकच आहेत. तिथे लादलेल्या कंटेनरचा भार वाहणारी यंत्रे फिरतात, वर तोच कोकणातला पाऊस कोसळतो. त्यामुळे ब्लॉक मुळातच कमकुवत, किंवा आपल्या हवामानाला न मानवणारा, हे म्हणणे फार ताणता येत नाही.

आता हातांकडे वळू. डच शहरांत रस्ता बसवणारा ‘स्ट्राटमाकर’ हा स्वतंत्र, शिकून येणारा व्यवसाय आहे. गुडघ्यांवर किंवा बुटक्या बैठकीवर बसून, आखूड हातोड्याने एकेक वीट ठोकत जाणारा हा माणूस तिथे गवंड्याहून वेगळा ओळखला जातो. पण कारागिरी आपोआप टिकत नाही, तिला सतत काम पुरवणारी व्यवस्था लागते. अशी व्यवस्था कायद्याने कशी घडते याचे उत्तम उदाहरण ब्रिटनच्या 1870 च्या ट्रामवे कायद्यात सापडते. त्या कायद्याने ट्राम कंपनीवर बंधन घातले, की दोन रुळांमधला रस्ता आणि रुळांच्या बाहेरचा दोन्ही बाजूंचा दीड-दीड फुटाचा पट्टा तिनेच कायम दुरुस्त ठेवायचा. रूळ वारंवार उचलावे लागत, म्हणून कंपन्यांनी त्या पट्ट्यात घडीव दगडाचे चिरे बसवले, आणि ते बसवणारी माणसे पदरी ठेवली. ज्याने उचकटायचे त्यानेच बसवायचे, असा साधा हिशेब. कंपन्या कुरकुरत, कारण पुढे घोडे गेले, विजेच्या ट्राम आल्या, मोटारी वाढल्या, तरी इतरांच्या चाकांनी झिजलेल्या रस्त्याचा खर्चही त्यांच्याच माथी राहिला. कुरकुर रास्त होती, पण रस्ता शाबूत राहत होता. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, विजेची 1907 मध्ये, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. इथेही रूळ काळ्या दगडाच्या चिऱ्यांत बसवलेले होते. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात अलीकडे खोदकाम झाले तेव्हा डांबराखाली गाडलेले जुने रूळ सापडले आणि लोकांनी कौतुकाने फोटो काढले. रुळांबरोबर बंद झाली ती चिरे उचलून बसवण्याची नित्याची गरज. तिची आठवण म्हणून मात्र कुणी काही मांडून ठेवले नाही.

लिस्बनचे उदाहरण आणखी बोलके आहे. चुनखडी आणि बेसॉल्टच्या लहान-लहान तुकड्यांची तिथली पांढरी-काळी नक्षी 1842 मध्ये साओ जॉर्ज किल्ल्यात, लष्करी गव्हर्नर युझेबियो फुर्तादो यांच्या हुकमाने, कैद्यांकडून घातली गेली. लोकांना ती इतकी आवडली की 1848-49 मध्ये रॉसियो चौकात लाटांची प्रसिद्ध फरसबंदी झाली. पुढे शहरभर हाच प्रकार पसरला आणि तो करणारा कारागीरवर्ग तयार झाला. विसाव्या शतकात ही माणसे कमी होऊ लागली, तेव्हा नगरपालिकेने 1986 मध्ये फरसबंदी करणाऱ्यांसाठी चक्क शाळा काढली. दगड बदलून स्वस्त काही आणण्याचा मार्ग खुला असताना तिने आधी माणसे घडवायला पैसा घातला. पॅरिसने उलटा निर्णय घेतला. तिथे मे 1968 च्या उठावात विद्यार्थ्यांनी रस्त्याचे चिरे उपसून पोलिसांवर फेकले, आणि त्याच उन्हाळ्यात सरकारने लॅटिन क्वार्टरच्या अनेक रस्त्यांवर डांबर ओतून टाकले. 1830 आणि 1848 च्या क्रांत्यांतही याच चिऱ्यांचे अडसर रचले गेले होते. उचकटता येणारा रस्ता कुणालाही उचकटता येतो, हा त्याचा गुण राज्यकर्त्यांना मानवेलच असे नाही.

आपल्याकडे हा ब्लॉक कोणत्या रूपात आला? कागदावर तो चांगल्या तयारीने आला. इंडियन रोड्स काँग्रेसने 2004 मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली आणि 2006 मध्ये भारतीय मानक आले. नुसत्या पायी वाटेला 50 मिलिमीटर जाडीचा एम-30 प्रतीचा ब्लॉक, हलक्या वाहतुकीला 60, मध्यम वाहतुकीला 80, त्याहून जड वाहनांना 100 आणि 120, अशी प्रतवारी त्या मानकात होती. प्रत्यक्षात बाजार दोन प्रकारच्या मालाने भरला. एक म्हणजे यंत्रात दाबून पाडलेला, खरखरीत तोंडाचा ब्लॉक. दुसरा म्हणजे रबराच्या साच्यात ओतून व्हायब्रेटर टेबलवर हलवून काढलेला, वरून गुळगुळीत आणि चकचकीत. दुसरा दिसायला छान, थोड्या भांडवलात शेडमध्ये कुणालाही पाडता येणारा, आणि म्हणून गावोगावी पोहोचलेला. पावसात त्याच्यावरून पाय घसरतो हे चालणाऱ्याला कळते, टेंडर काढणाऱ्याला कळायला वेळ लागतो. पण मालाची प्रत हा दुखण्याचा निम्मा भाग. उरलेला निम्मा असा, की इथे फरसबंदी करणारा म्हणून वेगळा कारागीर मानलाच गेला नाही. नाक्यावरून आलेली टोळी ब्लॉक बसवते, चौरस मीटरवर मोजमाप होते, बिल निघते आणि टोळी दुसऱ्या कामाला जाते. पुढे केबलसाठी चर खणला जातो. खणणारी कंपनी रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क पालिकेकडे भरते आणि मोकळी होते. चर माती लोटून बुजवला जातो, कारण थराथराने दुर्मुस मारणे कुणाच्याच कामात धरलेले नसते, आणि निघालेले ब्लॉक वर कसेबसे मांडले जातात. 1870 च्या कायद्याने जे दोन हात एकत्र बांधले होते ते इथे तोडलेले आहेत. पाथरवट आणि वडार समाजाचे दगडकामाचे पिढीजात कसब याच शहरांभोवती हयात असताना हे घडले, ही बाब मला विशेष खेदाची वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो काँक्रीटच्या बाजूने. मरीन ड्राइव्हचा काँक्रीट रस्ता 1940 च्या सुमाराचा, तो अनेक दशके टिकला. मग तुकड्यांची भानगड हवी कशाला? उदाहरण खरे आहे. पण मरीन ड्राइव्ह म्हणजे गाड्यांचा रुंद रस्ता, आणि फुटपाथ हे शहराच्या वाहिन्यांचे झाकण आहे. वीज, टेलिफोन, इंटरनेट, पाणी, सगळे बहुधा त्याच्याच पोटात असते. चांगले काँक्रीट न उघडता टिकते याबद्दल दुमत नाही. प्रश्न ते वर्षातून दोनदा उघडल्यावर काय होते हा आहे. फोडलेल्या काँक्रीटवर मारलेले ठिगळ जुन्या भागाशी कधीच एकजीव होत नाही, आणि दोघांच्या सांध्यातून पाणी खाली जाते. हाच मुद्दा जुन्या काँक्रीटवरच ब्लॉक बसवणाऱ्यांनाही लागू होतो. अनेक सोसायट्या फोडण्याचा खर्च वाचवायला असे करतात. खालचे काँक्रीट धड असेल, त्याला पुरेसा उतार असेल आणि पाणी जायला भोके पाडली असतील तर ते चालते. नसेल तर वाळूचा थर दोन कडक पृष्ठभागांमध्ये अडकून पाण्यात भिजत राहतो आणि वरचे ब्लॉक डुलू लागतात. अशा ठिकाणी ‘ब्लॉकमुळे पाणी जमिनीत जिरते’ हा दावाही फोल ठरतो. बारीक वाळूने भरलेल्या अरुंद फटींतून मुसळधार पावसाचे फारच थोडे पाणी खाली जाते, आणि खाली काँक्रीट असेल तर तेही जिरत नाही. पाणी जिरवणारी फरसबंदी निराळी असते. तिला रुंद फटी आणि खाली पोकळ खडीचा जाड थर लागतो.

दुसरा आक्षेप माथेरानहून येतो, आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये हेरलेल्या या ठिकाणच्या वाटा मुळात लाल मातीच्या, तिथे मोटारींना बंदी आहे, आणि 2003 पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. दरवर्षी पाऊस माती धुऊन नेतो, वाटांना घळी पडतात, म्हणून ब्लॉक आले; घोड्यांचे पाय घसरतात आणि डोंगराचे रूप जाते, म्हणून त्यांना विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट 2025 च्या निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना परवानगी मिळाली, आतल्या रस्त्यांवर नाही. माझ्या मते ही विभागणी योग्य आहे. मुख्य रस्त्यावर वर्दळ आहे, ई-रिक्षा आहेत, आणि तिथे देखभालीची माणसे नेमणे परवडू शकते. आतल्या वाटांवर ब्लॉक घालणे म्हणजे ज्यांच्याकडे कुणी फिरकणार नाही असे हजारो सांधे तयार करणे. मातीच्या वाटेला निदान एवढे तरी बरे, की तिची दुरुस्ती फावडे धरणाऱ्या कुणालाही करता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, काठी टेकत चालणारी आजी, डोळ्यांनी न दिसणारा वाटसरू यांना एक सेंटिमीटर वर आलेला ब्लॉकही पाडू शकतो. त्यांनी ‘व्यवस्था सुधारेल, थांबा’ हे का ऐकून घ्यावे? लिस्बनलाही हा प्रश्न टाळता आला नाही. झिजून गुळगुळीत झालेली चुनखडी उतारावर म्हाताऱ्यांना घसरवते अशा तक्रारी वाढल्या, आणि 2014 मध्ये मंजूर झालेल्या पादचारी सुगम्यता आराखड्यानंतर त्या शहराने ऐतिहासिक भागातली नक्षी जपून इतर ठिकाणी सलग, खरखरीत पृष्ठभाग आणायला सुरुवात केली. फरसबंदीची शाळा चालवणारे शहर जर एवढे मान्य करते, तर आपण ब्लॉकचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ज्या पालिकेकडे वॉर्डागणिक चार-सहा जणांची कायम टोळी, कोठारात त्याच साच्याचे राखीव ब्लॉक आणि चर खणणाऱ्याकडूनच तो बुजवून घेण्याची धमक नाही, तिने गर्दीच्या फुटपाथवर सरळ काँक्रीट ओतावे. फक्त ओतण्यापूर्वी वाहिन्यांसाठी डक्ट आणि ठरावीक अंतरावर झाकणे ठेवावीत, म्हणजे पुढच्या केबलसाठी ब्रेकर लागणार नाही. सोसायटीच्या आवारात मात्र ब्लॉक जरूर घालावेत. तिथे चर खणणारा, पैसे देणारा आणि चालणारा ही एकाच जिन्यावरची माणसे असतात, आणि मूळ कामाबरोबरच शंभरेक ब्लॉक जादा घेऊन गच्चीखालच्या खोलीत रचून ठेवायला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.